भोवऱ्याचे दोन वेग

२०१७ साली गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला, शुक्रवारी आली होती. आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. शनिवारी सकाळी उत्तरपूजेची गडबड चालली असतानाच पलीकडच्या गल्लीतल्या काकू आल्या. त्यांचा मुलगा आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला. शिकून इंजिनिअर झाला आणि अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात नोकरीला लागला. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. त्यामुळे पाऊस, भूकंप, ग्रहण असल्या सगळ्या खात्यांचे प्रश्न गल्लीतून माझ्याकडेच येतात. काकूंनी गणपतीपुढे दूर्वा ठेवल्या, हात जोडले आणि तिथूनच वळून म्हणाल्या, "सर, टीव्हीवर वादळ दाखवूलालेत. पोराच्या बाजूलाच आलंय म्हणे. तुम्ही जरा बघून सांगा की ओ."

बघितले. 'हार्वे' नावाचे ते हरिकेन आपल्या घड्याळाप्रमाणे त्याच सकाळी टेक्सासच्या किनाऱ्यावर चढले होते. वारा ताशी दोनशे दहा किलोमीटरच्या आसपास, पाचपैकी चौथी श्रेणी. किनाऱ्यावरच्या रॉकपोर्ट गावाची दैना झाली होती, पण ह्यूस्टन तिथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. संध्याकाळी विसर्जन करून आलो आणि पुन्हा पाहिले, तर वारा झपाट्याने उतरत होता. चौथ्या श्रेणीचे वादळ पहिल्या श्रेणीवर आले होते. मी काकूंना फोन केला. "काकू, त्याचा जोर संपला. रात्रीतून विरून जाईल. आता काळजीचं कारण नाही."

रविवारी काकूंचाच फोन आला. "पोरगं म्हणतंय, वारा काहीच नाही, पण पाऊस थांबेना." सोमवारी तेच. मंगळवारी घरोघरी गौरी येत होत्या, त्या दिवशी तो मुलगा, त्याची बायको आणि आठ महिन्यांचे बाळ यांना कुणा अनोळखी माणसाने आपल्या मासेमारीच्या होडीतून घराबाहेर काढले. घरात कमरेएवढे पाणी होते. तिघेही सुखरूप राहिले. पण काकूंना फोनवरून 'काळजीचं कारण नाही' असे ठणकावून सांगणारा भूगोलाचा प्राध्यापक मीच होतो.

माझे चुकले कुठे? वाऱ्याचा आकडा मी बरोबर वाचला होता, तो उतरत होता हेही खरे होते. चूक अशी की वादळाला एकच वेग असतो असे धरून मी बोललो. वर्गात तासभर खडू झिजवून जी गोष्ट शिकवतो तीच ऐन वेळी विसरलो.

ती गोष्ट समजायला लहानपणीचा भोवरा आठवावा. जाळी गुंडाळून भोवरा सोडला की तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि त्याच वेळी अंगणात इकडून तिकडे सरकतही असतो. फिरण्याचा वेग वेगळा, सरकण्याचा वेगळा. जोरात फिरणारा भोवरा एकाच जागी 'झोपलेला' असू शकतो आणि मंद फिरणारा भरभर सरकत जाऊन पायरीवर आपटू शकतो. चक्रीवादळाचेही असेच. अटलांटिकमध्ये त्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानच्या बाजूला टायफून आणि आपल्याकडे सायक्लोन. वस्तू एकच. बातम्यांत ठळक टाइपात येतो तो फिरण्याचा, म्हणजे वाऱ्याचा वेग. सरकण्याचा वेग बातमीच्या शेवटच्या ओळीत असतो आणि बहुतेक वेळा उपसंपादक जागेअभावी नेमकी तीच ओळ कापतो.

आधी वाऱ्याकडे पाहू, कारण त्याचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये चहा पिता पिता मला आकडे मांडून दिले. दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढा छपराचा तुकडा घ्या. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने साडेचारशे किलो वजनाइतका जोर येतो. २०० किलोमीटरच्या वाऱ्यात तोच जोर जवळजवळ साडेसतराशे किलो. शिवाय हा जोर छपराला खाली दाबत नाही. वारा छपरावरून वेगाने जाताना वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. आपण घरे बांधताना छप्पर खाली पडू नये याची काळजी घेतो. ते वर उडू नये याचा विचार करणारे गवंडी थोडेच.

पण नुकसान चौपटीवरही थांबत नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याचा ढोबळ हिशेब असा, की ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात जेवढे नुकसान होऊ शकते त्याच्या सुमारे अडीचशे पट नुकसान २४० किलोमीटरच्या वाऱ्यात होऊ शकते. गणिताच्या भाषेत वेगाचा आठवा घात. येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाऊस, ज्यांना पुढे २०१८ साली नोबेल मिळाले, त्यांचा हिशेब तर नवव्या घातापर्यंत गेला. दाब चौपट आणि नुकसान अडीचशे पट, हे कसे? नारळ हलक्या हाताने दहा वेळा आपटला तरी फुटत नाही. तोच एकदा नीट दणका बसला की दोन भकले होतात. घराचेही तसेच आहे. एका मर्यादेपर्यंत कौले हलतात, एखादी फांदी पडते, बस्स. मर्यादा ओलांडली की खिडकी फुटते. खिडकी फुटली की वारा आत शिरतो आणि छपराला खालून ढकलू लागतो, वरून ओढ असतेच. छप्पर गेले की भिंतींना धरून ठेवणारे काही उरत नाही. शिवाय एका घराचे उडालेले पत्रे आणि वासे शेजाऱ्याच्या खिडक्या फोडायला जातात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर चढणाऱ्या चक्रीवादळांपैकी साधारण चौथा हिस्साच तिसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीचा असतो, पण एकूण आर्थिक नुकसानीपैकी ८० टक्क्यांहून अधिक तेवढ्याच वादळांच्या नावावर आहे.

या जातीचे ठळक उदाहरण म्हणजे १९९२ चे 'अँड्र्यू'. २४ ऑगस्टच्या पहाटे ते फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावर आदळले. वारा ताशी सुमारे २६५ किलोमीटर. आकाराने मात्र लहान आणि चालायला चपळ. चार तासांत फ्लोरिडा ओलांडून पलीकडच्या समुद्रात उतरलेसुद्धा. पावसाला फारसे काही करायला वेळच मिळाला नाही, जे केले ते वाऱ्याने. पंचवीस हजारांहून अधिक घरे साफ झाली आणि लाखभर घरांची पडझड झाली. नंतर चौकशीत दिसले की कित्येक घरांच्या छपराच्या फळ्या नीट खिळे मारून बसवलेल्याच नव्हत्या. ठेकेदार सगळीकडचे सारखेच म्हणायचे! त्यानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले.

श्रेणी ठरवण्याची ही पद्धत हर्बर्ट सॅफिर आणि रॉबर्ट सिम्पसन या दोघांची. सॅफिर फ्लोरिडातले बांधकाम अभियंता. वादळी प्रदेशातल्या स्वस्त घरांचा अभ्यास संयुक्त राष्ट्रसंघासाठी करत असताना, कोणत्या वाऱ्यात घराचे काय होते याच्या पायऱ्या त्यांनी आखल्या. सिम्पसन हे अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे संचालक. त्यांनी त्यात समुद्राच्या लाटेची भर घातली आणि १९७० च्या दशकात ही श्रेणी लोकांपुढे आली. पुढे असे दिसून आले की समुद्राचे पाणी किती चढेल हे एकट्या वाऱ्यावरून सांगता येत नाही. म्हणून २०१० साली ते कलम काढून टाकण्यात आले आणि श्रेणी निव्वळ वाऱ्यापुरती राहिली. ती मूळची घरबांधणीवाल्याची फूटपट्टी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. छप्पर टिकेल का, एवढेच ती सांगते. दारात पाणी येईल का, हा प्रश्न तिला विचारण्यात अर्थ नाही.

आणि माणसे तर पाण्याने मरतात. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत हरिकेनांच्या थेट तडाख्याने जे मृत्यू झाले त्यांपैकी सुमारे नव्वद टक्के पाण्याने झाले. निम्मे समुद्राच्या उधाणाने आणि पाव भागाहून अधिक पावसाच्या पुराने. वाऱ्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आत.

भरभर चालणारे वादळ

आता दुसरा वेग, सरकण्याचा. त्याचा पहिला परिणाम साध्या बेरीज-वजाबाकीचा आहे. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. त्यामुळे ते ज्या दिशेने चालले आहे तिकडे तोंड करून उभे राहिले, तर उजव्या हाताकडचा वारा वादळाच्या चालीच्याच दिशेने वाहतो आणि डाव्या हाताकडचा उलट. उजवीकडे दोन्ही वेगांची बेरीज होते, डावीकडे वजाबाकी. वादळाचा गरका ताशी दीडशेचा आणि चाल तीसची असेल तर ढोबळमानाने उजवीकडे एकशेऐंशी, डावीकडे एकशेवीस. वाऱ्याच्या वेगातला थोडासा फरक नुकसानीत किती फुगतो हे वर पाहिलेच. म्हणजे एकाच वादळाच्या दोन बाजूंची दोन गावे दोन वेगळ्या वादळांत सापडल्यासारखी असतात.

याचे टोकाचे उदाहरण २१ सप्टेंबर १९३८ चे. त्या सकाळी एक हरिकेन नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरसजवळ समुद्रात होते. अशी वादळे बहुधा तिथून पूर्वेला वळून महासागरात निघून जातात. हे वळले नाही. ताशी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास वेगाने, म्हणजे आपल्या एस.टी.च्या वर, ते सरळ उत्तरेला धावत सुटले आणि दुपारी तीनच्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर चढले. हवामान खात्यातल्या एका तरुण कर्मचाऱ्याने हा धोका ओळखला होता म्हणतात, पण वरिष्ठांनी त्याचे ऐकले नाही. सकाळी ज्यांना वादळाची वार्ताही नव्हती त्यांची घरे संध्याकाळी समुद्रात होती. सहाशेहून अधिक माणसे गेली. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहराचा मध्यभाग पाण्याखाली गेला. न्यूयॉर्क शहर मात्र वादळाच्या डाव्या हाताला होते, ते पुष्कळसे बचावले. पुढे या वादळाला 'लाँग आयलंड एक्स्प्रेस' असेच नाव पडले.

भरभर चालणाऱ्या वादळाची दुसरी खोड म्हणजे ते जमिनीवर खूप आत घुसते. वादळाचे इंधन म्हणजे गरम समुद्राची वाफ. जमिनीवर आले की इंधन तुटते आणि काही तासांत वारा निम्म्यावर येतो. त्या काही तासांत ते किती अंतर कापते, हे त्याच्या चालीवर ठरते. १९८९ च्या 'ह्यूगो' वादळाने मध्यरात्री साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनजवळ किनारा गाठला आणि ताशी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरने आत धाव घेतली. पहाटे ते शार्लट शहरावर होते. शार्लट समुद्रापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर आत. तिथल्या लोकांना हरिकेन म्हणजे किनाऱ्यावरच्यांची डोकेदुखी वाटत असे. त्या पहाटे ताशी १४० किलोमीटरच्या झोतांनी त्यांची हजारो झाडे आडवी केली आणि कित्येक भागांत पुढचे अनेक दिवस वीज नव्हती.

समुद्राच्या उधाणाचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा आहे. मोकळ्या किनाऱ्यावर वेगाने येणारे वादळ पाणी जास्त उंच चढवते, तर खाड्या आणि आखातांच्या आत पाणी घुसवायला वादळाला सवड लागते, म्हणून तिथे संथ वादळ जास्त घातक. शिवाय वादळ आकाराने केवढे आहे आणि समुद्राचा तळ किती उथळ आहे यावरही पुष्कळ अवलंबून. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर १९६९ साली 'कॅमिल' आले ते पाचव्या श्रेणीचे, पाणी चढले सुमारे २४ फूट. २००५ साली 'कॅट्रिना' आले ते किनाऱ्याला लागताना तिसऱ्या श्रेणीवर उतरलेले, पण अवाढव्य पसरलेले. पाणी चढले सुमारे २८ फूट! कॅमिलमध्ये ज्यांच्या अंगणापर्यंत पाणी आले नव्हते अशा कित्येक म्हाताऱ्या माणसांनी घर सोडायला नकार दिला. पाचमध्ये काही झाले नाही, मग तिनाची काय कथा, असा त्यांचा हिशेब. एकट्या मिसिसिपी राज्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. कॅमिलने जेवढी माणसे १९६९ साली मारली त्याहून जास्त २००५ साली मारली, असे तिथले लोक नंतर म्हणू लागले. मला हे वाक्य फार लागते. मीही काकूंना तसाच हिशेब करून सांगितला होता ना!

आणि रेंगाळणारे

आता हार्वेसारख्या वादळांकडे येतो. अमेरिकेतल्या हवामानवाल्यांत एक जुना आडाखा आहे. वादळाच्या सरकण्याच्या वेगाने, म्हणजे नॉट या दर्यावर्दी मापातल्या वेगाने, शंभराला भागायचे. उत्तर येईल तेवढे इंच पाऊस. वीस नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चालणारे वादळ पाच इंच पाऊस टाकून जाईल. पाच नॉट, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटरने चालणारे वीस इंच. गंमत अशी की या आडाख्यात वाऱ्याचा वेग कुठेच नाही. वारा कितीही असो, पाऊस किती पडणार हे मुख्यतः वादळ तुमच्या डोक्यावर किती वेळ बसते यावर ठरते. टँकरचा नळ सोडून टँकर रस्त्याने पळवला तर रस्ता फक्त ओला होतो. तोच टँकर एका घरापुढे उभा करून नळ सोडला तर?

१९९८ च्या ऑक्टोबरात मध्य अमेरिकेत हा प्रकार झाला. 'मिच' नावाचे हरिकेन समुद्रात असताना ताशी २८५ किलोमीटरपर्यंत पोचले होते, पाचवी श्रेणी. सगळ्या जगाच्या बातम्यांत तो आकडा होता. मग ते होंडुरासच्या किनाऱ्याबाहेर जवळजवळ दोन दिवस घुटमळले, डोंगराळ जमिनीच्या सान्निध्याने वारा उतरत गेला आणि २९ ऑक्टोबरला जमिनीवर आले तेव्हा ते जेमतेम पहिल्या श्रेणीचे होते. श्रेणीच्या हिशेबाने सुटलो म्हणावे असे. पण ते चालेना. होंडुरास आणि निकाराग्वाच्या डोंगरांवर पाऊस कोसळत राहिला, होंडुरासमधल्या चोलुतेका शहरात नऊशे मिलिमीटरहून अधिक नोंदला गेला. ३० ऑक्टोबरला निकाराग्वातल्या कासिता या ज्वालामुखीच्या डोंगराचा कडा पाण्याने फुगून सुटला आणि चिखलाच्या लोंढ्याने पायथ्याची गावे माणसांसकट गाडली. तिथेच सुमारे दोन हजार माणसे गेली. सगळी मिळून अकरा हजारांहून अधिक. अटलांटिकच्या बाजूला गेल्या दोनशे वर्षांत इतके बळी कुठल्याच वादळाने घेतलेले नाहीत.

हार्वे त्याच जातीचे. जमिनीवर चढल्यावर त्याला पुढे ढकलणारे वरच्या थरातले वारे जवळजवळ पडले. नदीतला ओंडका प्रवाहाबरोबर जातो तसे वादळ स्वतः कुठे जात नाही, भोवतालचे मोठे वारे त्याला नेतात. ते थांबले की ओंडका डोहात फिरत राहतो. हार्वे टेक्सासच्या किनाऱ्याजवळ घुटमळले, पुन्हा समुद्रावर सरकले, तिथून नवी वाफ ओढली आणि ३० तारखेला लुइझियानात शेवटचे जमिनीवर चढले. वाऱ्याच्या दृष्टीने ते शनिवारीच संपले होते. मी सांगितले तसेच! पण नेदरलँड नावाच्या टेक्सासमधल्या गावात त्या काही दिवसांत १,५३९ मिलिमीटर पाऊस पडला. बेळगाव शहरात सरासरीने सबंध वर्षात पडतो त्याहून जास्त. टेक्सासमध्ये थेट वादळाने मेलेल्या किमान ६८ जणांपैकी तीन सोडून बाकी सगळे या पावसाच्या पुराने गेले. नुकसानीचा अंदाज १२५ अब्ज डॉलर.

काकूंच्या मुलाचे घर ह्यूस्टनच्या पश्चिमेला, १९४० च्या दशकात बांधलेल्या दोन मोठ्या पूरनियंत्रण जलाशयांच्या खालच्या अंगाला. रविवारपर्यंतच्या पावसात ते घर कोरडे राहिले होते. जलाशय भरत आले, बांधाला धोका नको म्हणून सोमवारी पहाटे दरवाजे उघडले आणि ते पाणी त्यांच्या गल्लीत आले. पाऊस ओसरत असताना पाणी वाढते, हे कृष्णाकाठच्या आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. २००५ आणि २०१९ साली चिकोडी, रायबाग, अथणीच्या गावांनी ते भोगले आहे. ह्यूस्टनच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्याला मात्र आपण धरणाच्या खाली राहतो हेही नीट ठाऊक नव्हते.

दोन्ही वेग एकाच वेळी वाईट असले तर काय होते ते बहामा बेटांनी २०१९ च्या सप्टेंबरात पाहिले. 'डोरियन' अबाको बेटांवर आदळले तेव्हा वारा ताशी २९५ किलोमीटर होता, आणि तिथून ग्रँड बहामा बेटावर जाऊन ते जवळजवळ दिवसभर जागचे हलले नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, वाकवत राहिले की तुटते. तासाभरात निघून जाणाऱ्या वाऱ्यात टिकले असते असे खिळे आणि सांधे दिवसभराच्या हिसक्यांनी सैल होतात. वर समुद्राला आत शिरायला हवा तेवढा वेळ.

आपल्या बाजूची वादळे एवढी मोठी नसतात, पण उजव्या-डाव्याचा हिशेब इथेही तसाच लागतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ ईशान्येकडे सरकत अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर, दापोली हा सगळा भाग त्याच्या उजव्या हाताला. तिथल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. मुंबई डाव्या हाताला राहिली आणि बऱ्यापैकी सुटली. वर्षभराने, १६ मे २०२१ ला, 'तौक्ते' गोव्याच्या किनाऱ्याबाहेरून उत्तरेकडे गेले. वादळाचा डोळा समुद्रातच राहिला, तरी गोव्यात झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले. उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाला आपला सबंध पश्चिम किनारा उजव्या हातालाच लागतो, हे नकाशा उघडला की लगेच दिसते. आपले हवामान खातेही प्रत्येक निवेदनात 'गेल्या सहा तासांत ताशी इतक्या किलोमीटरने अमुक दिशेला सरकले' हे वाक्य न चुकता देते.

वादळांची ही चालच मंदावते आहे का, यावर सध्या तज्ज्ञांत वाद आहे. जेम्स कॉसिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने २०१८ साली मांडले की १९४९ ते २०१६ या काळात जगभरच्या चक्रीवादळांची सरकण्याची सरासरी गती दहा टक्क्यांनी घटली. इतरांनी शंका घेतली, की उपग्रहांच्या आधीच्या काळात भर समुद्रातली कित्येक वादळे नोंदलीच गेली नव्हती, मग तुलना कशाशी? मला ही शंका रास्त वाटते. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते, याबद्दल मात्र वाद नाही. म्हणजे टँकर पूर्वीच्याच चालीने चालला तरी नळ मोठा झालेला आहे.

काकूंच्या मुलाने ते घर दुरुस्त करून विकले आणि ह्यूस्टनमध्येच जरा उंचावर दुसरे घेतले. २०२४ च्या जुलैत 'बेरिल' त्याच किनाऱ्यावर आले. पहिली श्रेणी, वारा ताशी १३० किलोमीटर. काकूंचा फोन आला. आता त्या टीव्हीवर भिस्त ठेवत नाहीत. "सर, वारा किती ते पोरानं सांगितलं. चालतंय किती तेवढं सांगा." मी शोधून सांगितले, ताशी अठरा-वीस किलोमीटर, उत्तरेकडे. बसून राहणार नाही, दिवसभरात पार होईल. "आणि ह्यूस्टन कुठल्या हाताला येतंय ओ?"

उजव्या, मी म्हणालो. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे पाणी कमी, वारा जास्त. झाडाखालची गाडी हलवायला सांगते त्याला."

गाडी वाचली. झाड मात्र विजेच्या तारांवर पडले. त्या दिवशी ह्यूस्टन परिसरात बावीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती, आणि जुलैच्या उकाड्यात ते कुटुंब, सात वर्षांच्या झालेल्या त्या बाळासह, पहिल्या दोन रात्री त्याच गाडीत एसी लावून झोपले.